ती लचक नव्हती

मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले, आणि त्या खटाटोपात आईचा जीव जाता जाता राहिला. आई ही गोष्ट मला जन्मभर ऐकवत आली. गावाला मात्र तिच्या हालांशी देणंघेणं नव्हतं, गावाला फुकटात पायाळू मिळालं होतं. अमरावतीजवळच्या आमच्या खेड्यात कोणाच्या पाठीत उसण भरली किंवा मान लचकली, की माणसं सकाळी अनशापोटी आमच्या ओसरीवर येऊन पालथी पडायची. मी दुखऱ्या जागेला पाय लावायचा, एवढाच उपचार. पायाळूवर वीज पडते म्हणून पावसाळ्यात मला अंगणात जाऊ देत नसत, आणि पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणून एक दूरचे काका मला उगाचच शेताशेतांतून हिंडवत. धन काही दिसलं नाही. काकांनी पुढं माझ्याशी बोलणंही सोडलं.

लग्न होऊन तेल्हाऱ्याला आले तर कीर्ती माझ्या आधी पोचलेली. "आमची सून पायाळू हाय, कोणाले लचक भरली त सांगजा," असं सासूबाईंनी अख्ख्या आळीत सांगून टाकलं होतं. पहिलं गिऱ्हाईक खुद्द सासरे. ज्यांच्या रोज सकाळी पाया पडायचं त्यांच्याच पाठीवर पाय ठेवायचा, मला हसू आवरायचं नाही आणि त्यांना राग यायचा. माझ्या पायात काही गुण आहे असं मला कधीच वाटलं नाही. माणसं आपली आपण बरी व्हायची आणि श्रेय माझ्या टाचेला मिळायचं. पण इतक्या माना नि इतक्या पाठी पाहून एक झालं. लचकलेलं माणूस कसं उठतं, कुठं अडतं, हे मला नुसत्या नजरेनं कळायला लागलं.

सांगते आहे ती गोष्ट माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाची. कापसाचे दिवस वाईट चालले होते. घरातलं कोणी सकाळपासून गप्प असलं, की दुसरं कोणी तरी न बोलता फवारणीच्या औषधाचा डबा उचलून कुलपात ठेवायचं. सगळ्या घरांतून हेच होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नसे.

नणंद मोर्शीला दिलेली. तिची मुलगी अमरावतीला कॉलेजात शिकायची आणि होस्टेलवर राहायची. एका खोलीत चौघी मुली, एकीच्या बाटलीतलं पाणी दुसरी पिणार, एकीच्या ताटात तिसरी जेवणार. पोरगी विलक्षण बडबडी. आली की खोलीतल्या चौघींच्या नकला करून दाखवायची आणि सासूबाईंना हसून हसून ठसका लागायचा. हुरड्याच्या दिवसांत ती मामाकडे येणार हे ठरलेलंच होतं. त्या वर्षीही आली, पण आली ती पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. बसमध्ये उलटी झाली म्हणाली, डोकं ठणकतंय म्हणाली आणि न जेवता आडवी झाली. माझी मुलगी ताईला बिलगून तिच्याच गोधडीत निजली.

सकाळी पाहते तर पोरीला ताप, आणि मान ताठ. "मामी, खिडकी लाव वं, उजेड खुपते," एवढंच पुटपुटली. सासूबाईंकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं. ताप थंडीचा, उलटी बसची, उजेड खुपतो तो पित्तानं.

"खिडकीपाशी झोपली असन बसमधी, मान धरली," त्या म्हणाल्या. "तू पाय लाव. मंग चहा देऊ तिले."

पण इथं एक अडचण होती. आमच्या वऱ्हाडात भाचीचा मान मोठा. मामा-मामींनी तिच्या पाया पडायचं असतं, तिला चुकूनही पाय लागू द्यायचा नसतो. सासरे ओसरीवरून कडाडले, "भाचीले पाय लावता काय? काई रीतभात हाय का नाई?"

"मंग काय पोरीले तसंच कण्हत ठेवू?" सासूबाई.

"पाप लागन!"

"लागू द्या, मी घेतो!" सासूबाईंनी ठणकावलं.

दोघांचं असं जुंपलं आणि पोरगी मधे डोळे मिटून पडलेली. माझा पारा चढत चालला होता. वादात सासूबाई जिंकल्या, त्या नेहमीच जिंकायच्या. त्यांनी तोडगा काढला, की मी आधी भाचीच्या पाया पडून माफी मागायची आणि मग तिच्या मानेला पाय लावायचा. मी म्हटलं, करून टाकू एकदाचं. खाली वाकले, गोधडी वर सारली आणि तिचे दोन्ही पाय हातात धरले.

पाय माठाच्या बुडासारखे गार होते. अंगात एवढा ताप आणि पाय असे गार कसे? मी पुन्हा कपाळाला हात लावून पाहिला, कपाळ पोळत होतं. हात चाचपले, तेही गार. मग पायांकडे नीट पाहिलं. घोट्याच्या वर जांभळट ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि पोटरीवर दोन-तीन मोठे डाग, शाई झिरपल्यासारखे.

"ढेकूण चावले होस्टेलातले," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"बाळा, उजवीकडं बघ," मी म्हटलं. भाचीनं मान हळूहळू उजवीकडे वळवली, मग डावीकडेही वळवली. लचकलेली मान अशी वळत नाही. लचकलेलं माणूस हाक मारली तर सगळं अंग घेऊन फिरतं. मी तिच्या डोक्याखाली हात घालून हनुवटी छातीकडे न्यायला बघितली, तशी ती किंचाळली आणि तिचे गुडघे आपोआप पोटाशी आले. इतक्या वर्षांत असं मी एकाही माणसाचं पाहिलं नव्हतं.

"आई, हे लचक नोहे. मी पाय लावत नाई."

त्याच वेळी शेजारच्या खाला दारात आल्या. त्यांच्या घरचं गाद्या-रजया भरायचं दुकान. त्या आल्या होत्या स्वतःच्या कमरेला माझा पाय लावून घ्यायला, तशा अनशापोटीच. आदल्या वर्षी त्या आणि त्यांचे यजमान, आमचे चाचा, हज करून आलेले. मी त्यांना ठिपके दाखवले. त्या बघत राहिल्या, आणि मग स्वतःची कमर विसरून मटकन खाली बसल्या.

"हजले जायच्या आधी आमाले अकोल्याले सुई टोचली होती," त्या म्हणाल्या. "कायची सुई म्हणून मी इचारलं होतं. तवा सांगतलं होतं डॉक्टरनं. तेज बुखार येते, सर फटते, गर्दन अकडते, उजाला सहन होत नाई. अन् असे दाग निघाले त घर बसू नका म्हणे, घंट्याची बात हाय."

सासूबाई चिडल्या. "थे हजचं दुखणं! आमची पोरगी कुठी गेली हजले?"

"बाई, बिमारी काय पासपोट पायते? थ्या ठिकाणी लाखो लोक जवळजवळ झोपतात, म्हणून सुई देतात. हे पोरगी चार जनींत झोपते ना?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी चाचाले जीप काढाले सांगतो. तू तिले उचल."

मी तिला उचललं. सासऱ्यांनी पुढं होऊन पाय धरले, तेव्हा त्यांना रीतभात आठवली नाही.

गावातल्या डॉक्टरांनी तिला बघताच पहिला प्रश्न केला तो त्या काळाचाच होता. "हिनं काही घेतलं तर नाही ना?" उलट्या आणि शुद्ध हरपत चाललेलं माणूस दिसलं की त्या दिवसांत सगळे आधी तेच विचारत. मी नाही म्हटलं आणि पोटरी उघडी करून दाखवली. त्यांनी टेबलावरचा पाणी प्यायचा काचेचा ग्लास उचलला, डागावर दाबून धरला आणि काचेतून बघितलं. साधा पुरळ असता तर दाबल्यावर फिका झाला असता म्हणाले, हा तसाच राहिलाय, म्हणजे कातडीखाली रक्त उतरलंय. मेंदूच्या पडद्याला सूज आणणारा एक जंतू असतो, तोच रक्तातही भिनतो, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. मेनिंगोकोकल असं त्याचं लांबलचक नाव. तपासणी अकोल्याला होईल, पण औषध तोवर थांबणार नाही, असं म्हणत त्यांनी पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं.

"रस्त्यात कुठंही थांबू नका," ते म्हणाले. "डाग वाढताना दिसतील. घाबरू नका, पण थांबूही नका."

घाबरू नका म्हणणं सोपं असतं. मी जीपमध्ये मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझी नजर तिच्या दंडावरून हलत नव्हती. तिथं आधी काहीच नव्हतं, आणि आता बघता बघता एक ठिपका आला, मग दुसरा आला. ती काही तरी बरळत होती, खोलीतल्या मैत्रिणींशी भांडत असावी. मधेच गप्प झाली की मी तिच्या नाकाशी हात धरायची. मला देव आठवले नाहीत की नवस आठवले नाहीत. मला सारखी ती गोधडी आठवत होती, जिच्यात माझी मुलगी ताईला बिलगून निजली होती. भाचीचं डोकं मांडीवर आणि मनात स्वतःची मुलगी, याची मला लाजही वाटत होती. पण मन ऐकेना.

गावाबाहेर कापूस खरेदीचं केंद्र होतं आणि रस्ता गाड्यांनी तुंबलेला. मापं बंद असल्यामुळे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी उभे, माणसं गाड्यांखाली निजलेली. चाचा हॉर्न वाजवत होते आणि कोणी हलत नव्हतं. एकानं जीपमध्ये डोकावलं, पोरीचं तोंड पाहिलं आणि मागं वळून ओरडला, "औषध पेली वाटते रे पोरगी! सोडा, सोडा!" त्याबरोबर माणसं उठली. बैलांच्या वेसणी धरून त्यांनी गाड्या शेतात उतरवल्या, ट्रॅक्टर ढकलले, कापसाची गाठोडी उचलून बाजूला टाकली. ती औषध प्यालेली नाही हे मी कोणाला सांगितलं नाही. ते लोक एवढ्या सराईतपणे वाट करून देत होते, की मला रडू फुटलं.

अकोल्याच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायचं म्हणून त्यांनी सही मागितली. मागून एसटीनं येऊन पोचलेल्या सासूबाईंनी हंबरडा फोडला, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळं होतं असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यासोबतच आलेल्या आमच्या ह्यांनी सही केली.

मोर्शीहून नणंद येईपर्यंत अंधारून आलं. ती आली, काचेतून लेकीकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "वहिनी, थे माह्यासंग बोलन ना?" मी "बोलन ना, काऊन नाई बोलन" म्हटलं.

पुढचे दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. आतून डॉक्टर बाहेर आले की आम्ही त्यांचं तोंड वाचायचो. एकदा म्हणाले, रक्तदाब खाली गेलाय. एकदा म्हणाले, पायाच्या बोटांकडे लक्ष ठेवतोय, रक्त पोचलं पाहिजे. मी नणंदेला बोटांचं सांगितलं नाही, आणि नंतर कळलं की तिला ते आधीच माहीत होतं आणि तीही मला सांगत नव्हती.

त्यातच एका डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला बोलावलं. पोरीजवळ कोण कोण झोपलं, तिचं उष्टं कोणी खाल्लं, तिच्यासोबत खोलीत कोण राहतं, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. हा जंतू नाका-घशात राहतो, म्हणाल्या. खोकल्यातून, थुंकीतून, उष्ट्यातून, अगदी जवळ राहणाऱ्यांना लागतो. रस्त्यात शेजारून गेलेल्याला लागत नाही. जवळच्यांनी लगेच गोळ्या घ्यायच्या, ताप यायची वाट बघायची नाही.

मी म्हटलं, "माझी मुलगी तिच्या गोधडीत झोपली होती."

"मग तिला आजच द्या. आणि ताप, डोकेदुखी, उलटी, काहीही वाटलं तर तडक इथं आणा."

गोळ्या घेऊन मी तेल्हाऱ्याला गेले आणि घरात सगळ्यांना दिल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे बाईंनी सांगितलं होतं, पण मी ते सासऱ्यांना सांगायला विसरले. सकाळी ते मोरीतून भिंत धरत बाहेर आले आणि खाटेवर बसून म्हणाले, "सूनबाई, मलेही धरलं वाटते." एवढ्या सगळ्यात मी त्या सकाळी एकदाच हसले. माझ्या मुलीची मान मात्र मी येता-जाता वाकवून बघत होते. ती वैतागून म्हणायची, "आई, पुन्हा काय वं?" आणि हनुवटी छातीला टेकवून दाखवायची.

आमचे हे अमरावतीला होस्टेलवर गेले. तिथं आधी कोणी दाद देईना. पोरीला ताप आला तर त्याचं एवढं काय, असं रेक्टरबाईंचं म्हणणं. मग अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरून त्यांची चांगली कानउघाडणी केली आणि खोलीतल्या मुलींना गोळ्या मिळाल्या. त्यांतली एक डोकं धरूनच बसली होती. तिला ह्यांनी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिचं साधं सर्दीचं निघालं. पण ते समजेपर्यंत ह्यांचंही धाबं दणाणलेलं होतं.

सुईचा विषय मीच काढला. खालांना मिळाली ती सुई याच जिल्ह्यात, याच गावात, मग आमच्या पोरीला का नाही? मी आवाज चढवून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. हजला जाणाऱ्यांना लस घ्यावीच लागते, म्हणाल्या, बाकीच्यांना कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. होस्टेलवर जाणाऱ्या मुलांनी घेतलेली चांगलीच. मात्र ती टोचल्या टोचल्या काम करत नाही, काही दिवस लागतात, म्हणून जायच्या पुरेसं आधी घ्यायची. तिचा असर काही वर्षांनी ओसरतो. आणि या जंतूच्या सगळ्याच जाती त्या लशीत येत नाहीत, तेव्हा लस घेतली तरी लक्षणं विसरायची नाहीत.

"गोळ्या आजच्यासाठी, लस पुढच्यासाठी," त्या म्हणाल्या.

मी त्याच आठवड्यात अकोल्याच्या औषधाच्या दुकानात लस मागवायला लावली आणि माझ्या मुलीला टोचून घेतली. होस्टेलच्या रेक्टरबाईंना आणि नव्यानं शिकायला बाहेर पडणाऱ्या आळीतल्या प्रत्येक पोरीच्या आईला मी सांगत सुटले. काही जणींनी ऐकलं, काही जणींनी मला वेडी ठरवलं. खाला माझ्यासोबत यायच्या आणि बाह्या वर करून आपला दंड दाखवायच्या, जणू सुईची खूण अजून तिथं होती.

आणि पोरगी वाचली. एके सकाळी तिनं डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं. नणंद पाणी द्यायचं सोडून धावत व्हरांड्यात आली आणि माझ्या गळ्यात पडली. बोटंही राहिली, पायाच्या एका करंगळीचं टोक काय ते काळं पडून गेलं. घरी सोडताना डॉक्टर पुष्कळ काही सांगत होते. अशक्तपणा राहील, चिडचिड होईल, कान तपासायला न चुकता आणा. आम्ही मान डोलवत होतो. आम्हाला ऐकू आलं होतं ते फक्त घरी न्या, एवढंच.

मोर्शीला जाण्याआधी तिला आजीकडे नेलं. दारातच सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आळी लोटली होती. सासूबाई सगळ्यांना तीच हकिकत पुन्हा पुन्हा आणि दर वेळी चढ्या आवाजात सांगत होत्या. चाचा जीपचं कौतुक करत होते. खाला मधेच त्यांना खोडून काढत होत्या. पोरं अंगणात ओरडत होती आणि नणंद, जिचा मोठा आवाज मी इतके दिवस ऐकलाच नव्हता, ती खळखळून हसत होती.

भाची उशांना टेकून बसली होती, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी तिच्या शेजारी बसले, तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"मामी, खरं सांग," ती म्हणाली. "मी बरी नाई होत ना? म्हणून सारे माह्यासमोर इतके हळू हळू बोलून राहिले?"